जपानी टीव्हीवरचे म्युझिक शो: कुठून सुरू करायचं आणि काय सरळ सोडून द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा होता: यूट्यूबवर योआसोबी, आडो, हिगेदान असे जपानी गायक-बँड ऐकून जे-पॉपचं, म्हणजे जपानी पॉप गाण्यांचं वेड लागलंय, म्हणून जपानी टीव्हीवरचे म्युझिक शो बघायला घेतले तर काही झेपतच नाहीये, अर्धा वेळ गप्पांचं गुऱ्हाळ, गाणं आलं की ते मधूनच कापलेलं, आवडता गायक महिनोन्महिने दिसत नाही आणि दिसलाच तर क्लिप दुसऱ्या दिवशी उडालेली, तर नेमका कुठला शो धरू? सेकंड इयरला आहेस म्हणतोस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. पुण्यात जपानी शिकवतो, भाषांतराची कामं करतो, त्याआधी नोकरीसाठी काही वर्षं जपानात कावासाकीला होतो आणि तिथं शुक्रवारची रात्र ऑफिसातून वेळेत सुटलो तर म्युझिक शोवर जायची. आता क्लासमधल्या पोरांना शिकवायला हेच शो वापरतो. त्यामुळे सुरातालाबद्दल मला विचारू नकोस, पण हे कार्यक्रम कसे बघायचे एवढं नक्की सांगू शकतो.

तर मला वाटतं तुझी अडचण "कुठला शो" ही नाहीच. अडचण ही आहे की तू या शोंकडून मैफलीची अपेक्षा धरून बसलायस. आपल्याकडे टीव्हीवर गाणं म्हटलं की सारेगमप, म्हणजे स्पर्धा, परीक्षक, मार्क, रडारड. आणि तुझ्या वयाची बरीचशी पोरं कोरियन के-पॉपवरून जे-पॉपकडे येतात, तिकडच्या म्युझिक बँक, इंकिगायोमध्ये दर आठवड्याला विजेता ठरतो, ट्रॉफी मिळते, फॅन मंडळी मतं टाकतात. जपानच्या रेग्युलर शोमध्ये यातलं काही नसतं. तिथं कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गाणारा येतो, दोन मिनिटं गप्पा मारतो, नवीन गाणं म्हणतो आणि जातो. म्हणजे हा कार्यक्रम गाण्यापेक्षा गाणाऱ्याला लोकांच्या घरात आणून बसवण्याचा आहे, आणि घरात फक्त तुझ्यासारखे फॅन नसतात, आजी असते, जेवताना अर्धं लक्ष देणारा बाप असतो, त्या सगळ्यांना हा माणूस कोण ते कळलं पाहिजे. गप्पा त्यासाठी. गाणं कापलेलं असतं तेही त्यासाठीच, तासाभराच्या शोमध्ये पाच-सहा जणांना बसवायचं तर साडेचार मिनिटांचं गाणं अडीच-तीन मिनिटांवर येणारच, पहिलं कडवं, धृपद, मधलं सगळं गाळून थेट शेवटचं धृपद. एकदा हे डोक्यात बसलं की चिडचिड निम्मी होते.

आता तुला काय सुचवायचं हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि तू त्यातलं एकच सांगितलंस. एक, तुला जपानी किती येतं. काहीच येत नसेल तर गप्पांचे शो आत्ता सोड, वैताग येईल. दोन, तुझा आवडता कलाकार टीव्हीवर येणाऱ्यातला आहे की न येणाऱ्यातला, हा फरक तिकडे फार मोठा आहे, त्यावर खाली लिहितो. तीन, तू राहतोस कुठे, कारण जपानबाहेरून कायदेशीरपणे बघायला मिळणं हीच खरी मारामारी आहे.

सगळ्यात आधी एम-स्तेची ओळख करून घे. पूर्ण नाव म्युझिक स्टेशन, चॅनेल टीव्ही आसाही, ऑक्टोबर १९८६ पासून चालू आहे आणि एप्रिल १९८७ पासून होस्ट तामोरी, तोच काळा गॉगल घातलेला म्हातारा, जन्म १९४५ चा. एकच लाइव्ह म्युझिक शो सगळ्यात जास्त काळ होस्ट केल्याबद्दल गिनेसमध्ये त्याचं नाव आहे. वर्षानुवर्षं शुक्रवारी रात्री ८ ला असायचा, ऑक्टोबर २०१९ पासून ९ ला गेला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच. शो लाइव्ह असतो आणि तीच त्यातली गंमत आहे. (लाइव्ह म्हणजे प्रसारण लाइव्ह हां, प्रत्येक जण गळ्यातूनच गातोय असं नाही, नाचणाऱ्या ग्रुपांचं ओठ हलवणं तिथंही चालतं.)

लाइव्ह असल्यामुळे काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २७ जून २००३ चं. टाटू नावाच्या दोन रशियन मुली तेव्हा जगभर गाजत होत्या, त्या ओपनिंगला पायऱ्या उतरून आल्या, बसल्या आणि ऐनवेळी गायला बाहेरच येईनात. देशभर शो चालू, आणि वेळ रिकामा. मग त्याच दिवशी पाहुणे असलेल्या थी मिशेल गन एलिफंट या रॉक बँडने तयारी नसताना आणखी एक गाणं वाजवलं आणि शो तारून नेला. बँडच्या चाहत्यांमध्ये ती संध्याकाळ आजही दंतकथेसारखी सांगतात. जुन्या लोकांना एम-स्तेबद्दल विचारलंस की दहातले आठ जण हेच सांगतील.

एम-स्ते बघताना नजर गाण्यावरच ठेवू नकोस. पाहुणे कुठल्या क्रमाने बसलेत, तामोरीशी बोलताना नवीन पोरं किती वाकून बोलतात, ज्येष्ठ गायक गात असताना मागे बसलेले ज्युनियर कसे टाळ्या वाजवतात, हे सगळं बघ. सेनपाई-कोहाई, म्हणजे सीनियर-ज्युनियर प्रकरण पुस्तकातून जेवढं कळत नाही तेवढं त्या सोफ्यावर कळतं. मी क्लासमध्ये आदरार्थी भाषा शिकवताना गप्पांचाच तुकडा लावतो, गाण्याचा नाही.

हे शो असे का झाले ते कळायला थोडा इतिहास लागेल, कंटाळा आला तर पुढचे दोन-तीन पॅरा सोडून दे. टीबीएस या चॅनेलवर १९ जानेवारी १९७८ ला "द बेस्ट टेन" नावाचा शो सुरू झाला, गुरुवारी रात्री ९ ला, तो सप्टेंबर १९८९ पर्यंत चालला. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचं बिनाका गीतमालाचं जे वेड होतं ना, तसंच, दर आठवड्याला दहा गाणी, उलट्या क्रमाने. रेकॉर्डची विक्री, रेडिओचे क्रमांक, हॉटेल-बारमध्ये तारेवरून वाजणाऱ्या संगीताच्या फर्माइशी आणि लोकांची पोस्टकार्डं, यातून यादी काढायचे. होस्ट दोघं, कुमे हिरोशी आणि कुरोयानागी तेत्सुको. दुसरं नाव ओळखीचं वाटलं का? तोत्तोचान लिहिणारी तीच ही बाई. मराठी वाचणाऱ्या निम्म्या घरांत ते पुस्तक असतं पण ती जपानमध्ये मुख्यतः टीव्हीवरची बाई म्हणून माहितीय हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं, क्लासमध्ये सांगितलं की पोरांचा विश्वास बसत नाही.

बेस्ट टेनचा नियम कडक, यादीत जो आहे तोच येणार, नाव कितीही मोठं असलं तरी. पहिल्याच भागात त्या काळची सगळ्यात मोठी स्टार यामागुची मोमोए दहाच्या आत नव्हती तर नव्हती, ती दिसली नाही. आणि उलट बाजूने, यादीत असलेली नाकाजिमा मियुकीसारखी गायिका "मी टीव्हीवर येत नाही" म्हणायची, मग होस्ट कॅमेऱ्यासमोर लोकांची माफी मागायचे आणि पुढे जायचे. आणि जो यायला तयार आहे पण गावाबाहेर आहे त्याच्याकडे कॅमेराच जायचा. १९८० ला मात्सुदा सेइको पहिल्यांदा यादीत आली तेव्हा ती विमानातून हानेदा विमानतळावर उतरली आणि तिथंच, विमानाशेजारी उभी राहून गायली. रेल्वे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवरून, कॉन्सर्ट हॉलच्या बाहेरून, कुठून कुठून गाणी व्हायची. ही "टीव्हीच गायकाकडे जाणार" पद्धत लक्षात ठेव, खाली ३१ डिसेंबरच्या कोहाकु या कार्यक्रमाबद्दल बोलताना परत लागेल.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी यादीवाले शो बंद पडले, कारण घरातल्या सगळ्यांचं मिळून एक गाणं असणं हेच संपलं. मग नव्वदच्या दशकात फुजी टीव्हीवर डाउनटाउन या विनोदी जोडीचा हे! हे! हे! (१९९४ ते २०१२), टीबीएसवर उताबान (१९९६ ते २०१०), हे गप्पांचे शो आले, गायकाची टर उडवायची, लाजवायचं, मग गाणं. टीव्ही टोकियोच्या आसायानमधून तर १९९७ ला मॉर्निंग मुसुमे हा अख्खा ग्रुपच जन्माला आला. तुला जे गप्पांचं गुऱ्हाळ वाटतंय त्याची मुळं इथं आहेत, कॉमेडियन आणि गायक एका सोफ्यावर हा फॉर्म्युला लोकांना एवढा आवडला की तो गेलाच नाही.

मग आता काय बघायचं?

पूर्ण गाणं हवं असेल तर टीबीएसचा सीडीटीव्ही लाइव्ह लाइव्ह. मूळचा सीडीटीव्ही १९९३ पासून रात्री उशिरा लागणारा काउंटडाउनचा कार्यक्रम, २०२० पासून तो सोमवारी संध्याकाळी लाइव्ह स्वरूपात आला आणि त्यांचं म्हणणंच असं की गप्पा कमी, गाणी शक्यतो पूर्ण. तुझी तक्रार बघता तुला हाच सगळ्यात जास्त आवडेल. नवीन बँड आणि जरा वेगळे लोक हवे असतील तर एनएचके या सार्वजनिक चॅनेलचा व्हेन्यू १०१, शनिवारी रात्री ११ ला, एप्रिल २०२२ पासून, किंवा निप्पॉन टीव्हीचा बझ रिदम, तोही रात्री उशिरा. तिकडे एक अलिखित नियमच आहे, रात्र जेवढी उशिरा तेवढे फॅन जास्त आणि आजोबा कमी.

गाणं कसं बनतं त्यात रस असेल तर टीव्ही आसाहीचा एट-जॅम, पूर्वीचं नाव कानजाम, रविवारी रात्री उशिरा. यात प्रोड्यूसर, अरेंजर, गीतकार मंडळी येऊन एकेका गाण्याची चिरफाड करतात, हा कॉर्ड इथंच का, ही बेसलाइन अशी का, या शब्दावर श्वास का तोडला. दर जानेवारीत त्यांचा एक भाग असतो ज्यात असे दोन-तीन जाणकार गेल्या वर्षातली आपापली आवडती दहा गाणी निवडतात आणि कारणं देतात. माझ्या मते अख्ख्या जपानी टीव्हीवर गाण्याबद्दलचा हा सगळ्यात डोकेबाज कार्यक्रम आहे, आणि त्या जानेवारीच्या भागातल्या याद्याच शोधून काढून ऐकल्यास तरी वर्षभर पुरतील. अडचण एकच, जपानी चांगलं यावं लागतं.

म्युझिक फेअरचं नाव मुद्दाम घेतो कारण परदेशी फॅन त्याला म्हातारा शो म्हणून टाळतात. फुजी टीव्ही, शनिवारी संध्याकाळी अर्धा तास, ऑगस्ट १९६४ पासून चालू आहे, म्हणजे टोकियो ऑलिंपिकच्याही आधीपासून. याची खासियत म्हणजे दोन वेगळ्या पिढ्यांचे, वेगळ्या प्रकारचे गायक एकत्र आणून एकच गाणं म्हणायला लावणं. शांत असतो, आरडाओरडा नाही. एनएचकेचा साँग्स पण तसाच, एकच कलाकार घेऊन निवांत. आणि मंगळवारचा उताकॉन, एनएचके हॉलमधून लाइव्ह, त्यात एन्का, म्हणजे जुन्या वळणाची भावुक जपानी गाणी, आणि इतर जुनी गाणी भरपूर, तुला आत्ता नको वाटेल, राहू दे.

आयडॉल ग्रुप, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या तरुण मुलामुलींचे ग्रुप, आवडत असतील तर म्युझिक शोपेक्षा त्या त्या ग्रुपचा स्वतःचा रात्रीचा कार्यक्रम बघ, नोगिझाका, साकुराझाका, हिनाताझाका तिघांचेही आहेत, तिथं गाणं नावाला आणि खेळ-मस्करी जास्त. मला स्वतःला ते फार वेळ बघवत नाहीत पण माझ्या क्लासमधल्या मुलींचं बोलीभाषेतलं जपानी तिथूनच सुधारलंय, हे मान्य करायलाच पाहिजे.

आणि स्पर्धेचा किडा असेलच तर एनएचकेचा नोदो जिमान. १९४६ ला रेडिओवर सुरू झालेला, रविवारी दुपारी, दरवेळी वेगळ्या गावात, साधी माणसं येऊन गातात, मासे विकणारा, शाळेतली बाई, नव्वदीचे आजोबा. निकाल घंटांनी देतात. एक-दोन टोल पडले की बस खाली, पूर्ण धून वाजली की पास. रविवारी जेवण करून लावायला याच्याइतका झकास कार्यक्रम नाही.

पण खरं सांगू का, दर आठवड्याचे शो धरण्यापेक्षा तू वर्षाचं कॅलेंडर धर. आता मोठे कलाकार आठवड्याच्या शोमध्ये फक्त नवीन गाणं निघालं की येतात, आणि चॅनेलं सगळा जोर लावतात तो जुलै आणि डिसेंबरमधल्या लांबलचक स्पेशल्सवर. जुलैत निप्पॉन टीव्हीचा म्युझिक डे (२०१३ पासून) आणि टीबीएसचा ओंगाकु नो ही, हा २०११ च्या मोठ्या भूकंपानंतर सुरू झाला, दोन्ही तासन्‌तास चालतात. डिसेंबरात फुजीचा एफएनएस कायोसाई, १९७४ पासून, त्यात कलाकारांच्या जोड्या लावून एकमेकांची गाणी म्हणायला लावतात, एम-स्तेचा सुपर लाइव्ह, ३० तारखेला टीबीएसवर रेकॉर्ड अवॉर्ड, जो पूर्वी ३१ लाच असायचा. आणि ३१ ला कोहाकु.

कोहाकुबद्दल जरा जास्त लिहितो कारण एकच कार्यक्रम बघणार असशील तर हाच बघ. एनएचके, बायका लाल गटात, पुरुष पांढऱ्या. जानेवारी १९५१ ला रेडिओवर सुरू झाला, १९५३ पासून ३१ डिसेंबरला टीव्हीवर. १९६३ ला याचं रेटिंग ८१.४ टक्के होतं, आज त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, २०२३ ला तर ३१.९ टक्क्यांवर आलं आणि दरवर्षी जानेवारीत "कोहाकु संपला" असे लेख येतात. तरीही कोण निवडला गेला आणि कोण नाही याची बातमी नोव्हेंबरात पहिल्या पानावर असते.

शो संध्याकाळी ७:२० च्या सुमारास सुरू होतो आणि ११:४५ ला संपतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी ३:५० ते रात्री सव्वाआठ. कोण जिंकलं, लाल की पांढरा, याला खरं तर कोणी विचारत नाही, पण मतमोजणीचा थाट मोठा, एकेकाळी हॉलमधल्या प्रेक्षकांनी वर धरलेले रंग मोजायला पक्षिनिरीक्षक संघटनेची माणसं दुर्बिणी घेऊन स्टेजवर उभी असायची, उडते पक्षी मोजायची सवय म्हणून. असले प्रकार या शोमध्ये भरलेले आहेत. मियामा हिरोशी नावाचा एन्का गायक आहे, २०१७ पासून तो गात असतो आणि मागे शंभरहून जास्त माणसं ओळीने केंदामा, म्हणजे दोरीला बांधलेला लाकडी चेंडू दांड्यावरच्या वाटीत झेलायचा खेळ, एकेक करून झेलत असतात, गिनेस रेकॉर्डसाठी, एकाचा जरी चुकला तरी गेलं. गायकाकडे कोणी बघतच नाही, सगळा देश चेंडूकडे बघतो. २०२३ ला रेकॉर्ड झालं म्हणून जल्लोष झाला, सर्टिफिकेट दिलं आणि नंतर व्हिडिओ तपासल्यावर सुरुवातीच्याच एका माणसाचा चेंडू पडल्याचं दिसलं, रेकॉर्ड रद्द. हे असं काही बघून नवीन फॅन म्हणतो हा काय पोरखेळ. पण आजीसाठी एन्का, आईसाठी तिच्या कॉलेजातला बँड, तुझ्यासाठी तुझी गाणी आणि मधे सगळ्यांसाठी केंदामा, असा तो सगळ्या घराचा हिशोब आहे.

आता मघाशी सांगितलेली ती कॅमेरा गायकाकडे नेण्याची पद्धत. टीव्ही टाळणाऱ्या कलाकारांना कोहाकुने असंच गाठलंय. बेस्ट टेनला न जाणारी नाकाजिमा मियुकी २००२ ला कोहाकुत आली ती हॉलमध्ये नाही, डोंगराच्या पोटातल्या कुरोबे धरणाच्या वीजप्रकल्पाच्या बोगद्यातून गायली, डिसेंबरच्या त्या थंडीत. योनेझु केन्शी टीव्हीवर गायचाच नाही, २०१८ ला तो पहिल्यांदा लाइव्ह गायला ते त्याच्या स्वतःच्या तोकुशिमा प्रांतातल्या ओत्सुका म्युझियममधून, व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलची हुबेहूब प्रतिकृती आहे तिथं, चारी बाजूंनी मेणबत्त्या. योआसोबीचं टीव्हीवरचं पहिलं गाणं २०२० च्या कोहाकुतलं, तोकोरोझावातल्या कादोकावा म्युझियममध्ये छतापर्यंत गेलेल्या पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभं राहून. आडो २०२३ ला क्योतोच्या हिगाशी होंगानजी देवळातल्या 'नो' या पारंपरिक नाटकाच्या रंगमंचावरून, तीही चेहरा न दाखवता, सावलीत. म्हणजे तुझ्या यादीतल्या तीनपैकी दोघांचं टीव्हीशी नातं कोहाकुनेच जोडलंय म्हण ना. २०२३ लाच योआसोबी हॉलमध्ये गात असताना लाल-पांढऱ्या दोन्ही गटांतले आयडॉल ग्रुप, जपानी आणि कोरियन, एकाच गाण्यावर सलग नाचून गेले, ते मिळालं तर जरूर बघ. आणि फुजिई काझे हा गायक आवडत असेल तर २०२१ चं, ओकायामातल्या घरातून गातोय असं दाखवता दाखवता स्वारी एकदम हॉलमध्येच चालत आली. (ओकायामा म्हणजे आपल्या पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानाचं जे मूळ आहे ते शहर, तिथल्या कोराकुएनवरून ती बाग केलीय.)

आवडता कलाकार दिसत नाही याची कारणं वेगवेगळी असतात. काहींना चेहरा दाखवायचाच नसतो. काही बँडना गाणं कापलेलं चालत नाही. बऱ्याच जणांना आता टीव्हीची गरजच उरलेली नाही, नोव्हेंबर २०१९ ला यूट्यूबवर द फर्स्ट टेक आलं, पांढरी भिंत, एक माइक, एकच टेक, पूर्ण गाणं, जगभर फुकट. आणि एक कारण वाईट आहे. मुलांच्या ग्रुपांची जॉनीज नावाची एजन्सी कित्येक दशकं टीव्हीवर फार वजन राखून होती. मार्च २०२३ ला बीबीसीची डॉक्युमेंटरी आली, सप्टेंबरात कंपनीने संस्थापकाने मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार मान्य केले, त्या वर्षी कोहाकुत त्या एजन्सीचं कोणीच नव्हतं आणि एवढी वर्षं आपण गप्प का बसलो याचा जबाब टीव्ही चॅनेलांनाही द्यावा लागला. जुने शो बघताना हे माहीत असलेलं बरं, कोण सारखा दिसतो यामागे फक्त गाणं नसायचं.

क्लिप का उडतात? टीव्हीवर बाजारातली रेकॉर्ड वाजवायला तिथल्या कायद्यात आधी परवानगी लागत नाही, नंतर ठरलेले पैसे भरले की झालं. इंटरनेटवर तसं नाही, तिथं रेकॉर्ड कंपनी, कलाकार, एजन्सी सगळ्यांना वेगवेगळं विचारावं लागतं. २०२१ ला कायदा थोडा सोपा केला, पण तो टीव्हीबरोबर चालणाऱ्या आणि आठवडाभराच्या कॅच-अप, म्हणजे हुकलेला भाग नंतर बघायच्या, स्ट्रीमिंगपुरता. म्हणून टीव्हर नावाचं फुकट कॅच-अप ॲप आहे ते जपानच्या बाहेर चालत नाही. तू भारतात असशील तर काय मिळेल: एनएचके वर्ल्ड-जपान हे इंग्रजी चॅनेल फुकट आहे पण त्यावर कोहाकु नसतो. परदेशातल्या जपान्यांसाठी एनएचके वर्ल्ड प्रीमियम हे पैसे भरून घ्यायचं चॅनेल आहे त्यावर असतो, तुझ्याकडे मिळतंय का ते चौकशी करून बघ. मे २०२५ ला क्योतोत म्युझिक अवॉर्ड्स जपान सुरू झाले, ते यूट्यूबवर जगभर दाखवले, हा मात्र मोठा बदल आहे आणि तुझ्यासारख्यांसाठीच आहे. कलाकारांची स्वतःची अधिकृत चॅनेलं आहेतच. आडवाटेच्या लिंका मी देणार नाही, मागू नकोस.

जपानी शिकतोयस असं शेवटी लिहिलंयस म्हणून एक धंद्यातली गोष्ट. या शोंमध्ये गाण्याचे शब्द खाली टेलॉपवर, म्हणजे स्क्रीनवरच्या अक्षरांच्या पट्टीवर येतात, सुरुवातीला गीतकार-संगीतकाराचं नावही. मी पोरांना असं करायला लावतो: पहिल्यांदा स्क्रीनचा खालचा भाग वहीने झाकून नुसतं ऐकायचं, जे कळेल ते हिरागानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या साध्या जपानी लिपीत लिहायचं. मग टेलॉप बघून तीच ओळ कांजीत, म्हणजे चिनी चित्रलिपीच्या अक्षरांत उतरवायची. गाण्यांमध्ये लिहिलेली कांजी एक आणि गाताना उच्चार भलताच, असा प्रकार खूप असतो, तो या दोन वह्या शेजारी ठेवल्या की लगेच सापडतो आणि डोक्यात पक्का बसतो. दोन कडवी पुरेत, अख्खं गाणं घेऊन बसलास तर तिसऱ्या दिवशी सोडून देशील. गप्पांचा भाग एन३ च्या, म्हणजे जपानीच्या परीक्षेतल्या मधल्या पातळीच्या आसपास पोचल्यावर घे, त्याआधी कॉमेडियन लोकांचं बोलणं ऐकून नुसतं खचायला होतं.

म्हणजे आत्ता तुझ्यासाठी माझा क्रम असा: गाणी हवीत तर द फर्स्ट टेक आणि कलाकारांची चॅनेलं, पूर्ण गाण्याचा टीव्ही शो हवा तर सीडीटीव्ही लाइव्ह लाइव्ह, माणसं बघायची तर एम-स्ते, आणि काहीही झालं तरी या ३१ डिसेंबरला कोहाकु, सोय झाली तर, सलग, केंदामासकट. एट-जॅम वर्षभराने. तुझं जपानी आत्ता कुठल्या लेव्हलला आहे आणि या तिघांशिवाय आणखी कोणाला ऐकतोस ते खाली लिही, बँडवाला निघालास तर व्हेन्यू १०१ आणि बझ रिदममधले नेमके कुठले भाग ते सांगतो.